कुठे उभं राहायचं? इमारतीवरच्या अमूर्त चित्रांची भूमिती, गोंद आणि देखभाल

दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासॉनच्या किल्ल्यावर 2018 च्या मे महिन्यात पिवळीधमक वर्तुळं उमटली. पश्चिमेकडच्या ऑद दरवाजाजवळ एका ठराविक जागी उभं राहिलं की ती तटांवर, बुरुजांवर आणि छपरांवर एकात एक, सलग पसरलेली दिसायची. दहा-बारा पावलं बाजूला सरकलं की वर्तुळ नाहीसं व्हायचं. उरायचे ते वेगवेगळ्या भिंतींवरचे पिवळे तुकडे: कुठे वाकडा पट्टा, कुठे कोयरीसारखा आकार, कुठे नुसती एक चकती. हे काम फेलिचे वारिनी यांचं. ते मूळचे स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोचे, जन्म 1952 चा, आणि अनेक वर्षांपासून पॅरिसमध्ये राहतात.

फोटोत हे काम संगणकावर केलेल्या करामतीसारखं दिसतं आणि तिथेच त्याच्याबद्दलचा गैरसमज सुरू होतो. फोटो नेमका त्या एका जागेवरून काढलेला असतो, त्यामुळे वर्तुळ हेच चित्र आहे असं वाटतं. वारिनींच्या दृष्टीने मात्र तुटलेले तुकडेसुद्धा चित्रच. बघणारा आपल्या वेळेतला बहुतेक वेळ त्या तुकड्यांमध्येच फिरत असतो. वर्तुळ कशाचंही चित्र नाही, ते सूर्यही नाही आणि चाकही नाही. म्हणून नजर त्याच्यावर अडकत नाही, ती भिंतींच्या खाचाखोचांकडे जाते. कोणता बुरूज पुढे आहे, कोणता मागे, छप्पर किती उतरतं आहे, हे सारं त्या पिवळ्या पट्ट्यामुळे एकदम लक्षात येतं. अमूर्त कला, मांडणशिल्प आणि वास्तुकला यांच्या सीमेवर काम करणाऱ्या युरोपीय कलाकारांना समजून घ्यायचं तर दोन प्रश्न पुरतात. बघणाऱ्याने उभं कुठे राहायचं? आणि हे सगळं भिंतीला धरून कसं राहतं, पुढे त्याचं काय होतं?

आधी भूमिती. डोळ्याच्या जागी एक दिवा ठेवला आणि त्याच्यासमोर वर्तुळ कापलेला पुठ्ठा धरला, तर प्रकाश त्या भोकातून जाऊन समोर जे येईल त्यावर पडेल: जवळच्या खांबावर, लांबच्या भिंतीवर, छतावर. प्रकाश पडला तेवढाच भाग रंगवायचा. डोळा दिव्याच्याच जागी नेला की सगळे तुकडे जुळतात, कारण प्रकाश ज्या सरळ रेषांनी गेला त्याच रेषांनी नजर परत येते.

यातून दोन हिशेब निघतात. पहिला अंतराचा. 2 मीटरवरच्या खांबावर पट्टा 10 सेंटिमीटर रुंद असेल, तर तो तेवढाच रुंद भासण्यासाठी 10 मीटरवरच्या भिंतीवर 50 सेंटिमीटर आणि 20 मीटरवर पूर्ण 1 मीटर लागतो. दुसरा तिरकसपणाचा. नजरेची रेषा भिंतीशी 30 अंशांचा कोन करत असेल तर पट्टा त्या दिशेने दुप्पट ताणावा लागतो, 15 अंश असेल तर जवळजवळ चौपट. म्हणूनच लांब बोळाच्या भिंतीवर किंवा जमिनीवर हे आकार इतके विचित्र लांबतात. जवळून पाहिलं तर ते वर्तुळाचे भाग असतील असं मनातही येत नाही.

आता जागा चुकल्यावर काय होतं ते पाहू. खांब 2 मीटरवर, भिंत 10 मीटरवर, आणि बघणाऱ्याने डोकं 10 सेंटिमीटर बाजूला केलं, तर खांबावरची कड भिंतीवरच्या कडेपासून 40 सेंटिमीटर सरकलेली दिसते. भिंतीवरचा पट्टा 50 सेंटिमीटरचा, म्हणजे जोड जवळपास तुटलाच. आपल्या दोन डोळ्यांमध्येच साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, तेवढ्यानेही 26 सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे खोलीतली अशी कामं एक डोळा मिटून बघावी लागतात. मोकळ्या जागेत मात्र गणित उदार असतं. जवळची भिंत 60 मीटरवर आणि लांबची 90 मीटरवर असेल तर 10 सेंटिमीटर डोकं हलवल्याने फरक पडतो फक्त 5 सेंटिमीटरचा, आणि तिथे पट्टाच काही मीटर रुंद असतो. किल्ल्यासमोर दहाजण शेजारी शेजारी उभे राहून एकच वर्तुळ पाहू शकतात. खोलीत ते सुख एकावेळी एकालाच.

वारिनी हा बिंदू सहसा स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर ठरवतात आणि शक्यतो माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवतात, म्हणजे दार उघडल्यावर किंवा जिना संपल्यावर चित्र आपसूक समोर येतं. त्यांची ओळख झालेली पद्धत म्हणजे त्या बिंदूवरून आकार प्रकाशाने टाकायचा, कडा आखून घ्यायच्या आणि मग रंग भरायचा. मोठ्या, उघड्यावरच्या कामांसाठी हे रात्रीच करावं लागतं, कारण दिवसा भिंतीवर प्रक्षेपित रेषा दिसतच नाही.

शाळेच्या जिन्यात किंवा वाड्याच्या पडवीत कुणाला हे करून पाहायचं असेल तर रीत अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. आधी उभं राहण्याची जागा ठरवा, आकार नंतर. जमिनीवर खूण करा, ओळंबा सोडून तिच्या बरोबर वर सुमारे दीड मीटर उंचीवर प्रोजेक्टरची भिंग येईल असं बघा. प्रोजेक्टरचं खोकं त्या बिंदूवर असून उपयोग नाही, भिंगच हवी. बहुतेक प्रोजेक्टरमध्ये तिरकी चौकट सरळ करून देणारी सोय असते, ती बंद करा. ती चालू राहिली तर यंत्र आपल्या मनाने आकार बदलतं आणि त्या जागेवरून बघताना वर्तुळ चेपलेलं दिसतं. यंत्र अर्धा तास चालू ठेवून मगच आखायला घ्या, कारण तापताना चित्र किंचित सरकतं. वेगवेगळ्या अंतरांवरच्या तीन पृष्ठभागांवर बारीक फुल्या मारून ठेवा. कुणाचा धक्का लागला तर त्या तिन्ही पुन्हा जुळवता येतात. हे केलं नसेल तर अर्ध्यात हललेला प्रोजेक्टर सगळी रात्र वाया घालवतो.

आखणी पेन्सिलीने, कडेला मास्किंग टेप, टेपची कड बोटाने घट्ट दाबून बसवायची. खडबडीत गिलाव्यावर टेपखालून रंग झिरपतो. त्यासाठी आधी भिंतीच्याच रंगाचा एक पातळ हात टेपच्या कडेवर मारायचा. झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि फट बंद होते. नंतर खरा रंग. टेप काढायची ती रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, नाहीतर कडेचे पोपडे निघतात. आणि मध्येमध्ये त्या जागेवर जाऊन एक डोळा मिटून पाहत राहायचं. वाकड्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीच्या जाडीत, पाइपच्या मागच्या बाजूला नेहमी काहीतरी सुटलेलं असतं. तेवढा बोटभर भाग राहिला तरी वर्तुळात खाच दिसते. प्रोजेक्टरचा झोत एका वेळी पोचत नसेल तर आकाराचे भाग पाडून झोत फिरवायचा, पण भिंगेची जागा हलता कामा नये.

कार्कासॉनला मात्र रंग चालणार नव्हता. हा किल्ला 1997 मध्ये जागतिक वारसा यादीत आला आणि त्याच्या विसाव्या वर्षानिमित्त हे काम झालं. अशा दगडावर रंग कोण लावू देणार? म्हणून पिवळ्या रंगाचे अतिशय पातळ ॲल्युमिनियमचे पापुद्रे दगडांवर चिकटवले. उन्हाळा संपल्यावर ते काढायचे होते. गावात आधीपासून विरोध होता, सह्यांची मोहीमही झाली, आणि काढण्याची वेळ आली तेव्हा काही ठिकाणी दगडांवर खुणा राहिल्याची तक्रार झाली. कारण समजण्यासारखं आहे. जुन्या दगडाचा वरचा थर भुसभुशीत असतो. चार-पाच महिने उन्हात तापलेला गोंद त्या कणांत शिरतो आणि सोलताना कणच घेऊन येतो. जिथे पापुद्रा होता तिथे ऊन-पावसाचा परिणाम झालेला नसतो, तोही फरक काही काळ दिसत राहतो. मला ते काम आवडतं, तरीही विरोध करणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता असंच मी म्हणेन. तात्पुरतं काम मंजूर करताना चिकटवण्याची चाचणी सगळे घेतात. ती पुरेशी नाही. त्याच दगडावर, त्याच उन्हात, तेवढेच महिने ठेवून सोलण्याची चाचणी घ्यायला हवी.

जर्मनीच्या काथारिना ग्रोसे यांचा मार्ग याच्या अगदी उलटा. त्यांच्याकडे बिंदूही नाही आणि आखणीही नाही. त्यांचा जन्म 1961 चा, फ्रायबुर्गमधला. 1998 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहाले या कलादालनात त्यांनी खोलीच्या एका कोपऱ्यात, दोन्ही भिंती आणि छत मिळून, हिरव्या रंगाचा फवारा मारला. कोपरा तिथेच होता, पण डोळ्याला तो सापडेना. कुंचला भिंतीला टेकतो, त्यामुळे कोपरा आला की हात आपोआप वळतो. स्प्रे गन टेकतच नाही. भिंत, खिडकीची चौकट, जमीन, तिच्या दृष्टीने सगळं सारखंच. गन जवळ आणली की रंग दाट होऊन ओघळतो, लांब नेली की धुकं होतं. बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ या संग्रहालयात 2020 साली हा रंग जुन्या स्टेशनच्या दालनातून सुरू होऊन दाराबाहेर, अंगणाच्या फरशीवरून मागच्या इमारतीच्या दर्शनी भागापर्यंत गेला होता. लोक त्यावरून चालत होते. अशा कामात सर्वांत जास्त वेळ रंग मारण्यात जात नाही, झाकण्यात जातो. फवाऱ्याचे बारीक कण हवेवर बरेच लांब जातात आणि नको त्या काचेवर, दिव्यावर, हवा खेळवणाऱ्या जाळीवर बसतात.

या मंडळींमध्ये सर्वांत वडीलधारे म्हणजे फ्रान्सचे दानिएल ब्यूरेन, जन्म 1938. त्यांनी 1965 पासून एकच खूण धरून ठेवली आहे: 8.7 सेंटिमीटर रुंदीचा उभा पट्टा, एक पांढरा, एक रंगीत. हे माप त्यांनी शोधून काढलेलं नाही, पॅरिसच्या बाजारात दुकानांच्या कनातींसाठी मिळणाऱ्या कापडावर ते होतं. पट्ट्यात बघण्यासारखं काही नाही, आणि तेच त्यांना हवं होतं. रुंदी कायम असल्यामुळे पट्टा मोजपट्टीचं काम करतो. तो जिथे लावाल तिथली जागा किती उंच, किती वाकलेली, किती उजेडाची आहे हे तो सांगतो.

1971 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांनी मधल्या पोकळीत 20 मीटर बाय 10 मीटरचं पट्ट्यांचं कापड टांगलं. त्या इमारतीत माणूस गोल उतारावरून फिरत फिरत चालतो. कापड कधी समोरून पूर्ण रुंद दिसे, कधी कडेने नुसती एक रेघ. पण त्याच प्रदर्शनातल्या इतर काही कलाकारांनी, त्यांत डोनाल्ड जड आणि डॅन फ्लेविन होते, आक्षेप घेतला की पलीकडची कामं झाकली जातात. प्रदर्शन उघडण्याआधीच कापड उतरवलं गेलं. तक्रार खरी होती, कारण त्या इमारतीत पोकळीपलीकडचं बघणं हाच बघण्याचा निम्मा भाग आहे. आणि ब्यूरेन यांना दाखवायचं होतं तेही नेमकं तेच.

पॅरिसच्या पाले-रॉयालच्या अंगणातलं त्यांचं काम अजून जागेवर आहे. तिथे आधी गाड्या उभ्या राहायच्या. 1985-86 मध्ये तिथे 260 अष्टकोनी खांब उभे राहिले. काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराचे पट्टे, रुंदी अर्थातच 8.7 सेंटिमीटर. काही खांब गुडघ्यापर्यंतच येतात, काही माणसापेक्षा उंच, काही जमिनीखालच्या पातळीवरून निघतात आणि वरच्या जाळीतून दिसतात. त्या खालच्या पातळीवर पाणी वाहतं. ऐतिहासिक राजवाड्यात हे कशाला, म्हणून केवढा गदारोळ झाला. खटले झाले, काम काही काळ थांबलं, मार्च 1986 मध्ये सरकार बदललं. तरीही नव्या सांस्कृतिक मंत्र्यांनी ते पूर्ण होऊ दिलं. आज मुलं त्या खांबांवर चढून फोटो काढतात.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते आणि ती जास्त महत्त्वाची आहे. काही वर्षांतच खालचं पाणी बंद पडलं, दिवे गेले. पाणी थांबलं की ते साधं मोडकं कारंजं होत नाही. कामाचा जमिनीखालचा अर्धा भागच मुका होतो, जाळीतून कचरा दिसू लागतो आणि लोक वरचे खांब तेवढेच काम समजतात. 2007 च्या अखेरीस ब्यूरेन यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला की सरकार स्वतःच हे काम नष्ट होऊ देत आहे. त्यानंतर दुरुस्ती झाली आणि जानेवारी 2010 मध्ये अंगण पुन्हा खुलं झालं. इमारतीचा भाग झालेल्या कलेला इमारतीसारखीच दरसालची देखभाल लागते: पंप, गटार, वायरिंग, सांध्यांतला गिलावा. हा खर्च कुणाच्या खात्यात, हे पहिल्या दिवशीच्या करारात लिहिलेलं नसेल तर तो कुणाच्याच खात्यात नसतो.

2016 मध्ये याच शहरातल्या फोंदासिओं लुई व्हितों या कलासंग्रहालयाच्या, जहाजाच्या शिडांसारख्या 12 काचेच्या आवरणांवर ब्यूरेन यांनी 13 रंग चढवले. इमारत वास्तुविशारद फ्रँक गेरी यांची, शिडांच्या काचा सुमारे 3,600. रंगीत पारदर्शक पडदे काचांवर एकाआड एक चौकटीने बसवलेले, आणि ते काढता येणारे. काच गुळगुळीत असते, तिच्यात रंध्रं नसतात. कार्कासॉनच्या दगडावर जे त्रासाचं ठरलं ते इथे बिनधोक झालं, ते यामुळेच.

लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातलं टर्बाइन हॉल हे जुन्या वीजकेंद्राचं दालन, लांबी 155 मीटर, उंची 35 मीटर. तिथे लागोपाठच्या दोन वर्षांत ‘कुठे उभं राहायचं’ याची दोन टोकाची उत्तरं मिळाली. 2002 मध्ये मुंबईत जन्मलेले, लंडनमध्ये स्थायिक झालेले अनिश कपूर यांनी ‘मार्सियस’ उभं केलं. पोलादाची तीन प्रचंड कडी, दोन टोकांना उभी आणि मध्ये एक आडवं, आणि त्यांच्यामध्ये ताणलेलं गडद लाल पीव्हीसीचं कातडं. अभियंते होते सेसिल बालमंड. ते एवढं लांब होतं की दालनात अशी एकही जागा नव्हती जिथून ते पूर्ण दिसेल. वारिनींकडे एक बिंदू असतो, इथे मुळीच नव्हता. ताणलेलं कापड फक्त ताण सोसतं, दाब सोसत नाही. कुठे ढिलं पडलं की लगेच सुरकुती. म्हणून त्याचे सपाट तुकडे हिशेबापेक्षा किंचित लहान कापतात, जोडतात आणि चढवताना ओढून मापात आणतात. मापात चूक झाली तर ती जागेवर दुरुस्त होत नाही, तुकडा पुन्हा कापावा लागतो.

दुसऱ्या वर्षी, 2003 मध्ये, डॅनिश-आइसलँडिक कलाकार ओलाफुर इलियासन यांनी तेच दालन जवळजवळ रिकामं ठेवलं. एका टोकाला अर्धवर्तुळ, त्यामागे एकाच तरंगलांबीचा पिवळा उजेड देणारे सुमारे 200 दिवे, छताला आरसे, हवेत धुकं. आरशात अर्ध्याचा पूर्ण सूर्य होई. अशा उजेडात बाकीचे रंग परतच येत नाहीत, त्यामुळे लाल साडी असो वा हिरवा सदरा, सगळं पिवळ्या-काळ्यात दिसतं. लोक जमिनीवर आडवे होऊन छतात स्वतःला शोधत. जागा सुचवलेली नसताना शेकडो माणसांनी आपणहून ती निवडली.

शेवटी जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलची (मुख्य चर्चची) दक्षिण खिडकी, कारण ती कायमची आहे. जुन्या काचा दुसऱ्या महायुद्धात गेल्या, नंतर तिथे साध्या काचा होत्या. कॅथेड्रलला विसाव्या शतकातल्या हुतात्म्यांची चित्रं हवी होती. हे काम सोपवलेले जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांना ते जमेना. मग त्यांनी आपल्या 1974 च्या ‘4096 रंग’ या चित्राच्या प्रतीवर खिडकीच्या दगडी जाळीचा साचा ठेवून पाहिला आणि वाट सापडली. 25 ऑगस्ट 2007 ला खिडकी खुली झाली: 9.6 सेंटिमीटरचे 11,263 चौकोन, तोंडाने फुंकून केलेली काच, 72 रंग. रंग निवडले ते कॅथेड्रलच्या जुन्या खिडक्यांत आढळणाऱ्या छटांमधून. कुठला चौकोन कुठे हे संगणकाने यदृच्छेने ठरवलं, पण उभ्या सहा भागांपैकी पहिला-तिसरा, दुसरा-पाचवा आणि चौथा-सहावा एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. हे कळल्याशिवाय दिसत नाही, कळल्यावर शोधायचा मोह आवरत नाही. कोलोनचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल माइस्नर यांना खिडकी रुचली नाही, ती मशिदीत शोभेल असं त्यांचं मत पडलं.

परंपरेने काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. इथे ते केलं असतं तर हजारो काळ्या रेषांनी उजेड खाल्ला असता. म्हणून चौकोन मागच्या सलग काचेवर सिलिकोनच्या थराने बसवले आहेत. सिलिकोन मऊ राहतं हे इथे कामाचं. वेगवेगळ्या रंगांच्या काचा उन्हात सारख्याच फुगत नाहीत, कडक गोंद असता तर तडे गेले असते.

बघायला जायचं तर स्वच्छ उन्हाचा दिवस निवडा आणि प्रार्थनेची वेळ टाळा, तेव्हा पर्यटकांना आत फिरू देत नाहीत. कोलोनला हिवाळ्यात सूर्य सर्वांत उंच येतो तो साडेबाराच्या सुमारास, उन्हाळ्यात घड्याळ पुढे असल्याने दीड-पावणेदोनला. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेव्हाही तो क्षितिजापासून 16 अंशांच्या आतच असतो, म्हणून चौकोनाच्या फरशीपासूनच्या दर 10 मीटर उंचीमागे त्याचा रंग आत सुमारे 36 मीटर जातो आणि वाटेतल्या खांबांवर चढतो. जूनमध्ये तेवढ्याच उंचीमागे तो साधारण 5 मीटरच आत जाऊन फरशीवर पडतो. खांबांवरचे रंग बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारी, पायाखालचे बघायचे असतील तर जून-जुलै.